आबांवरचा पिक्चर

"गळा बसलाय, माणूस न्हाय बसला."

स्टुडिओचं काचेचं दार ढकलत आबा हे म्हणायचे आणि मग खुर्चीवर बसायचे. एप्रिल असो की मे, गळ्याभोवती तपकिरी मफलर असायचाच. बोलण्याआधी डाव्या हाताचं बोट आत घालून तो जरा सैल करायचे, आवाजाला बाहेर यायला वाट करून द्यावी तसे. बाहेर यायची ती मात्र नुसती कुजबुज. सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटते ना, तशी.

माझा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ बारामतीच्या एसटी स्टँडजवळ आहे. लग्न, बारसं, वाढदिवसाचे फ्लेक्स, साखर कारखान्याची वार्षिक सभा, जे येईल ते काम मी करतो. आबा निमगाव केतकीहून तपासणीसाठी बारामतीच्या दवाखान्यात यायचे. परतीची गाडी लागेपर्यंत वेळ काढायला त्यांना माझी जागा सोयीची होती, कारण माझ्याकडे एसी होता. "गार हवा गळ्याला वाईट," असं म्हणत ते नेमके एसीखालची खुर्ची धरायचे.

तुम्ही पन्नाशीच्या आसपास असाल आणि या भागात वाढला असाल, तर तुम्ही आबांना पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्की असेल. कॅसेटच्या जमान्यात मोरगावपासून भिगवणपर्यंत असा ट्रॅक्टर नव्हता ज्याच्यावर आबांच्या धनगरी ओव्या वाजल्या नाहीत. ते एक ओळ उंच फेकायचे, मागची मंडळी ती उचलायची. मध्येच गाणं थांबवून ते कथा सांगायला लागायचे, आणि सांगता सांगता पुन्हा गाण्यात कधी शिरले ते कळायचंही नाही. आम्ही पोरं शाळेतून येताना चहाच्या टपरीपाशी थांबून ऐकायचो. टपरीवाला हाकलायचा नाही, कारण तोही ऐकत असायचा. कॅसेटच्या कव्हरवर एक फोटो होता. लाल फेटा, जाड मिशी, कानावर हात. तो माणूस आणि माझ्या एसीखाली बसलेला हा म्हातारा एकच, हे मला पहिल्यांदा त्यांनी स्वतः सांगितलं तेव्हाही पटलं नव्हतं.

मी त्यांना यूट्यूबवर त्यांचीच गाणी दाखवली. कुणीतरी जुन्या कॅसेटवरून चढवलेली होती. खाली लोकांनी लिहिलेलं त्यांनी मला वाचायला लावलं. "अजून कोण कोण ऐकतंय, लाईक करा" असं एकानं लिहिलं होतं. त्याच्याखाली दुसऱ्यानं लिहिलं होतं, "भावपूर्ण श्रद्धांजली."

आबांनी मफलरात बोट घातलं.

"मेलोय व्हय मी?"

"नाही आबा, त्याला माहीत नसेल."

"मंग लिही की. अजून हाय म्हणावं."

मी लिहिलं, "आबा अजून आहेत." त्यावर त्या माणसानं हात जोडलेलं चिन्ह पाठवलं. आबांना फार गंमत वाटली. ते हसले की आवाज यायचा नाही, फक्त खांदे हलायचे. पण हसणं थांबल्यावर ते बराच वेळ त्या स्क्रीनकडे बघत बसले. स्क्रीनवर त्यांचाच आवाज टिपेला चढला होता.

"बंद कर," ते म्हणाले. "गाडी लागली असंल."

त्या वर्षी पुण्याहून एक मॅडम आल्या. वयानं लहान, पण कामाला पक्क्या. त्यांना आबांवर माहितीपट करायचा होता. इथला कॅमेरावाला म्हणून कुणीतरी माझं नाव सांगितलं. 'माहितीपट' हा शब्द आबांच्या तोंडात कधी बसला नाही. त्यांच्यासाठी तो शेवटपर्यंत पिक्चरच होता.

पहिल्याच दिवशी मॅडमना मेंढरं हवी होती. आबांचे वडील कळप घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे, आबा त्याच वाटेवर ओव्या शिकले, हे त्यांनी वाचलं होतं. आता आबांच्या घरात मेंढरू नव्हतं. कालव्याचं पाणी आलं तेव्हाच कळप विकला होता आणि रानात ऊस उभा होता. आम्ही शेजारच्या वस्तीवरची मेंढरं मागून आणली. आबांच्या हातात काठी दिली, खांद्यावर घोंगडी टाकली.

"आबा, तुम्ही पुढे चाला, मेंढ्या मागून येतील," मॅडम म्हणाल्या.

आबा चालले. मेंढरं जागची हलली नाहीत. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"मॅडम," आबा म्हणाले, "मेंढरं माझी न्हाईत. त्यास्नी बी ठावं हाय."

मॅडम मनापासून हसल्या आणि घोंगडी परत देऊन टाकली. मला वाटतं तिथूनच त्या दोघांचं जमलं.

मग पडवीत खुर्ची मांडून खरी मुलाखत सुरू झाली. मी मफलरच्या आत माईक लावला, कारण बाहेर लावून काही उपयोग नव्हता. मॅडमनी विचारलं, "आबा, सुरुवात कुठून करायची? पहिलं गाणं? पहिली कॅसेट?"

आबांचं बोट मफलरात तसंच राहिलं.

"पयलं डाळजला जाऊन या," ते शेवटी म्हणाले. "सोजराला भेटा. मंग मला इचारा."

सोजरा कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. गावात विचारलं तर लोक इकडंतिकडं बघायचे. एका म्हाताऱ्यानं एवढंच सांगितलं, "त्यांची भिगवणची बाई."

आम्ही डाळजला गेलो. पुणे-सोलापूर हायवेला लागून एक खानावळ आहे, तिथं मागच्या बाजूला चुलीवर सोजराबाई भाकरी करत होत्या. साठी उलटलेली, कपाळावर मोठं गोंदण, हात भराभर चालत होते. आबांचं नाव घेतल्यावर हात थांबले नाहीत, फक्त भाकरी थापण्याचा आवाज जरा मोठा झाला.

"गळा कसा हाय त्यांचा?" त्यांनी विचारलं.

"गेलाय," मी म्हणालो. "हळू बोलतात."

"पाणी पिताना ठसका लागतो का अजून?"

"लागतो."

"बसा. एवढ्या भाकरी हुंदे," त्या म्हणाल्या, आणि परातीतलं पीठ संपेपर्यंत थापत राहिल्या.

मग हात धुतले, पदर नीट केला आणि माईक लावू दिला. मॅडमनी फार काही विचारलंच नाही. सोजराबाई आपणच सांगत गेल्या. लग्नघरी हळदीचं दळण चाललं होतं, त्या जात्यावर गात होत्या. आबा त्या लग्नाला पाहुणे म्हणून आले होते. भिंतीपलीकडून त्यांनी ऐकलं आणि दारात येऊन उभे राहिले. पुढं आबांनी त्यांना पुण्याला नेलं, रेकॉर्डिंगला.

"काचंच्या खोलीत हुबं केलं मला. दार लावून घेतलं. मला वाटलं, हितं कोंडल्याव कुणाला ऐकू जाणार?" त्या पहिल्यांदा हसल्या. "पर गेलं. लई लांब गेलं. कॅसेटच्या दुसऱ्या अंगाला माझा आवाज हाय."

मला एकदम आठवलं. टपरीवर आम्ही ऐकायचो त्यात ती बाई होती. आबांची ओळ संपायच्या आत ती उचलणारी, किंचित घोगरी. कव्हरवर तिचं नाव नव्हतं. 'व साथी' असं होतं.

"नाव नाही घातलं, त्याचा राग आला असेल," मॅडम म्हणाल्या.

"नावाचा न्हाय."

आबा आणि त्या भिगवणला खोली घेऊन राहत होते. आबांना दारू लागली होती. कार्यक्रमाला उभं करायचं, आणायचं, जेवू घालायचं, सगळं सोजराबाई करायच्या. मग गळ्यात गाठ निघाली. पुण्याच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी त्या बसून होत्या. ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि तिच्यासंगं आवाजही गेला. घरी सोडायच्या दिवशी निमगावाहून आबांचा मुलगा ॲम्ब्युलन्स घेऊन आला.

"मी दवाखान्याच्या दारात हुबी व्हते. पिशवी भरून. मला वाटलं, बसवत्याल मागं. गाडी माझ्याम्होरून गेली. हे काचंतनं बघत व्हते माझ्याकडं."

"त्यांना बोलता येत नव्हतं ना तेव्हा," मॅडम म्हणाल्या. कुणीही म्हणालं असतं.

सोजराबाईंनी कॅमेऱ्याकडं नाही, सरळ मॅडमकडं बघितलं.

"गळा कापला व्हता त्यांचा," त्या म्हणाल्या. "हात न्हाय."

हायवेवरून ट्रक जात राहिले. जरा वेळानं त्यांनीच विचारलं, "चा घेताय का?"

पुढच्या तपासणीला आबा स्टुडिओत आले तेव्हा मॅडम तिथंच होत्या. आबांना ते शूटिंग दाखवावं की नाही यावर आमचं दोघांचं एकमत होत नव्हतं. आबांनी आमचे चेहरे बघितले आणि हात पुढं केला. मी हेडफोन दिले.

त्यांनी सगळं बघितलं, मध्ये न थांबता. शेवटच्या वाक्याला हेडफोन काढून टेबलावर ठेवले, वायर नीट गुंडाळली आणि पाणी मागितलं. घोट घोट प्यायले, तरी ठसका लागलाच. डोळ्यांत पाणी आलं ते ठसक्याचं की कशाचं, मला सांगता येणार नाही.

"हात उचलत व्हता," ते म्हणाले. "मीच न्हाय उचलला. पोरगा म्होरं बसला व्हता."

मॅडमनी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडं सरकवला.

"आन् दुसरं बी हाय. आवाज गेला, आता हिच्यासंगं काय करायचं, असं आलं मनात. गाण्यापुरतीच व्हती का काय ती मला, कुणास ठावं." मग मॅडमकडं बोट करून म्हणाले, "हे काढू नका. कुणी कायबी म्हणू दे."

कोण काय म्हणणार, ते त्यांना ठाऊक होतं.

आबांच्या मुलाला सगळं गाव अण्णा म्हणतं. गावच्या विकास सोसायटीत वजन, उसाचं चांगलं रान, नवं स्लॅबचं घर. बापाला त्यांनी काही कमी पडू दिलं नव्हतं. वेगळी खोली, कूलर, औषधं वेळेवर. पण दोघांना एकमेकांशी बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. अण्णा बोलायचे ते बायकोला, "आबांनी गोळ्या घेतल्या का इचार."

डाळजची गोष्ट त्यांच्या कानावर गेली. त्यांनी आम्हाला घरी बोलावलं. दिवाणखान्यात भिंतीवर त्यांच्या आईचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. चहा, बिस्किटं, सगळं रीतीनं झालं. आबा कोपऱ्यातल्या खुर्चीत होते.

"मॅडम, पिच्चरला माझी ना न्हाय," अण्णा म्हणाले. "गाणी दाखवा, सत्कार दाखवा. पर ती बाई काढा."

"त्या नसतील तर आबांची गोष्ट पूर्ण होत नाही. त्यांच्या गाण्यात त्या आहेत."

"गाण्यात असंल. घरात न्हाय." अण्णांचा आवाज चढला. "ह्या फोटोम्होरं बसून मी तिला बघू? माझ्या आईनं काय भोगलं ते कुठं हाय तुमच्या पिच्चरात?"

ठण ठण असा आवाज आला. आबा चमच्यानं रिकाम्या ग्लासवर वाजवत होते. घरात भांडण झालं तर त्यांचं कुणाला ऐकू जायचं नाही, म्हणून ते असंच करायचे.

सगळे थांबले. आबांनी मफलर सैल केला.

"त्याचं बरोबर हाय," ते म्हणाले. "न्हायच त्याच्या आईचं काय त्यात." मग अण्णांकडं बघून, "तू सांग. कॅमेऱ्यात सांग. मी हितंच बसतो."

"मी कशाला सांगू?"

"मला सांगता यायचं न्हाय. मी नव्हतोच हितं."

अण्णा उठले, दारापर्यंत गेले. मला वाटलं, आता आम्हाला बाहेर काढतात. पण ते परत आले, फोटोखालची खुर्ची ओढली आणि मला म्हणाले, "लावा तुमचं ते."

पुढचं मी कॅमेऱ्यातून पाहिलं.

"आमच्या घरात ह्यांची कॅसेट कधी वाजली न्हाय," अण्णा म्हणाले. "गावात वाजायची. आई लोकांच्या उसात खुरपत असायची आन् बांधावरनं ट्रॅक्टर जायचा. बाया म्हणायच्या, अगं, तुझा नवरा गातोय बघ. आई मान वर करायची न्हाय. मला शाळंत मास्तर म्हणायचं, वडलांचं एखादं म्हणून दाखव. मला एक बी येत नव्हतं."

ते थांबले. आम्हाला वाटलं संपलं. संपलं नव्हतं.

"आई गेली तवा भिगवणला माणूस धाडला. हे तितं नव्हते, लांब कुठंतरी कार्यक्रमाला. सगळं उरकल्याव आले. माझ्या पाठीव हात ठेवला आन् बोलायला गेले तर आवाजच फुटंना. बसलेला पार. मला वाटलं, रडून रडून बसलाय. मी पोरगा व्हतो, मला ते खरं वाटलं. बरं वाटलं जिवाला, की ह्यांना बी दुःख हाय. मंग मोठा झाल्याव कळलं. गाऊन बसला व्हता."

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता.

"मग घरी का आणलंत त्यांना?" मॅडमनी अगदी हळू विचारलं.

"बाप हाय," अण्णा म्हणाले. "कोण आणणार मंग?"

त्यांनी शर्टवरचा माईक स्वतःच काढला, माझ्या हातात दिला आणि आपल्याला कारखान्यावर जायचंय असं सांगून निघून गेले. मोटरसायकल बराच वेळ सुरू होत नव्हती. किक मारल्याचे आवाज आत ऐकू येत होते.

आबा जागचे हलले नाहीत. शेवटी मॅडमना म्हणाले, "आता झाला तुमचा पिच्चर."

निमगावात तो दाखवला तो बाजारचा दिवस होता. दुपारी मंगल कार्यालयाचे पडदे ओढून घेतले, समोर पांढरा कपडा लावला. बाजाराच्या पिशव्या घेऊन माणसं आली. आबांचा पिक्चर म्हणजे गाणी असणार, अशी सगळ्यांची समजूत. आबा पुढं बसले होते, शाल-नारळ मांडीवर. अण्णा मागं, दाराजवळ.

सोजराबाई पडद्यावर आल्या तेव्हा बायकांच्या बाजूची कुजबुज थांबली. दोन-चार तरुण पोरं हसली, त्यांना कुणीतरी दटावलं. अण्णा पडद्यावर आले तेव्हा मी मागं वळून पाहिलं. खरे अण्णा बाहेर चपलांच्या ढिगाजवळ उभे होते, पाठ करून.

संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. मागून कुणीतरी सवयीनं ओरडलं, "आबा, एखादं होऊन जाऊ द्या!" आणि लगेच स्वतःच ओशाळला. आबांनी उठून सगळ्यांना हात जोडले. माणसं पिशव्या उचलून उन्हात गेली. जाताना एक म्हातारा म्हणाला, "गाणी कमी घातली. रडणंच जास्त." दुसरा म्हणाला, "घरातलं बाहेर काढून काय मिळवलं?"

त्याचं उत्तर पुढं थोड्या दिवसांत मिळालं. सोसायटीची निवडणूक आली आणि विरोधकांनी अण्णांचा तो भाग मोबाईलवर गावभर फिरवला. त्याखाली हसण्याची चिन्हं. अण्णा हरले. ते पिक्चरमुळं हरले की कसं, मला माहीत नाही. पण त्यांनी आबांना एका शब्दानं विचारलं नाही, आणि त्यांचं ते न विचारणं आबांना फार लागलं. "शिवी द्यायला पायजे व्हती त्यानं," ते मला म्हणाले. "मोकळा झाला असता."

मॅडमचा फोन आला, की माहितीपटाला कुठं परदेशात बक्षीस मिळालं. मी आबांना सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "त्यास्नी मराठी कळलं व्हय?"

"खाली इंग्रजीत लिहिलेलं असतं, आबा."

"मंग त्यास्नी कळलं असंल," ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

उन्हाळा सरत आला तेव्हा त्यांनी मला गाडी काढायला सांगितली. कुठं जायचं ते विचारायची गरज नव्हती. खानावळीत पोचलो तेव्हा जेवणाची गर्दी ओसरली होती. सोजराबाईंनी आबांना लांबूनच पाहिलं. चुलीपासून उठल्या, एका बाकड्यावरची धूळ फडक्यानं झटकली आणि म्हणाल्या, "बसा."

आबा बसले. इथं आपण नसावं असं वाटून मी उठलो, तर आबांनी माझं मनगट धरलं.

"पिच्चर आलाय," आबा म्हणाले.

"आलाय म्हणं."

"बघितला न्हाईस?"

"मला काय बघायचं? मी व्हते की तितं."

आबांनी मफलर सोडून मांडीवर ठेवला. त्यांचा उघडा गळा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मधोमध एक खोल वळ होता, नांगरानं पाडलेल्या तासासारखा.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

मला वाटलं आता ती बाई रडेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. आपण असंच काहीतरी धरून चालतो.

"व्हय," सोजराबाई म्हणाल्या. "चुकलं."

मग आत जाऊन एका वाडग्यात गरम दूध आणलं, त्यात भाकरी कुस्करली, अगदी बारीक, गिळता येईल अशी, आणि वाडगा त्यांच्यापुढं ठेवला. आबा सगळं खाईपर्यंत त्या समोर उभ्या होत्या. ठसका लागला नाही.

निघताना आबा म्हणाले, "पुन्ना येतो."

"आता नका येऊ," त्या म्हणाल्या. "ऊन लई हाय."

गाडीत बसल्यावर आबांनी मफलर पुन्हा गुंडाळला. गाडी इंदापूरच्या रस्त्याला लागली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ऊन लई हाय म्हणली." बऱ्याच वेळानं पुन्हा म्हणाले, "ऊन लई हाय."

ते पुन्हा गेले नाहीत. थंडीत त्यांच्या छातीत कफ झाला, बारामतीच्या दवाखान्यात काही दिवस काढले आणि एका सकाळी गेले. अण्णा शेजारी होते. गावभर त्यांच्या ओव्या वाजायला लागल्या, मोबाईलवर, ट्रॅक्टरवर, दुकानांत. अंत्ययात्रेत कुणीतरी मोठा स्पीकर लावला. अण्णांनी त्याला अडवलं नाही. मडकं धरून पुढं चालत राहिले, मागं बापाचा आवाज.

मी खानावळीत फोन केला. मालकानं सोजराबाईंना बोलावलं.

"कळलं," त्या म्हणाल्या. "सकाळीच एका ड्रायव्हरनं सांगितलं."

"येणार का? मी गाडी पाठवतो."



"कुठल्या नात्यानं येऊ, सांगा," त्या म्हणाल्या. त्यांनी थोडी वाट पाहिली आणि फोन मालकाकडं दिला.

दिवसकार्य उरकल्यावर अण्णा स्टुडिओत आले. भिंतीवर लावायला आबांचा मोठा फोटो करायचा होता. मी कॅसेटवरचा फोटो काढला. "फेट्याचा नको," ते म्हणाले. "घरात होते तसा पायजे." तसा फोटो माझ्याकडं नव्हता. शूटिंगमधून एखादा काढू म्हणून मी जुन्या फाइली उघडल्या.

त्यात एक अशी सापडली जी मी स्वतःही पुन्हा पाहिली नव्हती. अण्णा आईबद्दल बोलले त्या दिवशी मी दुसरा छोटा कॅमेरा आबांच्या दिशेनं लावून ठेवला होता. लग्नात मुलगी निघते तेव्हा एक कॅमेरा आम्ही बापावर लावतोच, त्या सवयीनं. आबांनी मॅडमना नंतर सांगितलं होतं, "माझं तोंड दाखवू नका तवा. बोलणं त्याचं हाय." म्हणून ते पिक्चरमध्ये गेलंच नाही.

स्क्रीनवर आबा कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. अण्णांचा आवाज ऐकू येत होता, आई, ऊस, ट्रॅक्टर. आबांची मान खाली. मग 'गाऊन बसला व्हता' हे आलं आणि आबांनी मान वर केली. ओठ हलले. एकदा हलून थांबले नाहीत, हलत राहिले. ते मुलाकडं बघून काहीतरी बोलत होते. ज्याच्याशी बोलत होते तो त्या वेळी मॅडमकडं बघत होता.

"काय म्हणत्यात?" अण्णांनी विचारलं.

"कळत नाही."

"आवाज वाढवा."

"पूर्ण वाढवलाय, अण्णा. आबांना माईक नव्हता त्या दिवशी."

पंख्याची घरघर आणि त्यावर अण्णांचं स्वतःचं बोलणं, "बाप हाय, कोण आणणार मंग."

"माझं बंद करा की," अण्णा म्हणाले. "मला माझं नको."

"ते वेगळं करता येत नाही."

अण्णांनी खुर्ची पुढं ओढली. बाहेर स्टँडवर इंदापूर गाडीची घोषणा चालू होती.

"परत लावा," ते म्हणाले.

मी परत लावलं.